ऐंशी खाचांची चकती

आबांनी दिलेला लोखंडी ठोकळा अर्धा मिलिमीटर जास्त भरला, तेव्हा मी आधी मोजायचं यंत्रच तपासलं.

शिरवळच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या खोलीत काम करते. गाड्यांचे सुटे भाग तिथं बनतात आणि ते ठरल्या मापाचे उतरलेत का, हे पाहणं माझं काम. आबा म्हणजे माझे वडील. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं काढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कराडच्या पुढं, सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठच्या आमच्या गावी परतले. म्हशी विकल्यावर गोठा रिकामा झाला होता, तिथं त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं. मी साताऱ्यात राहते. महिन्यातले दोन-तीन रविवार गावी जाते. परतताना आबा कागदात गुंडाळलेला एखादा तुकडा हातावर ठेवतात. "जरा मोजून बघ," एवढंच म्हणतात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तो मोजते आणि सुट्टी संपायच्या आत त्यांचा फोन येतो. "किती भरला?"

दोन शतांश, फार तर तीन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं. इतक्या वर्षांत यापेक्षा मोठी चूक मी त्यांच्या हातून पाहिली नव्हती. आमच्या कारखान्यातली नवी मुलं संगणकावरच्या मशीनवर जे करतात ते आबा गोठ्यात, हातानं चाक फिरवून करायचे.

त्या सोमवारी मी ठोकळा पुसला, यंत्राचा पाट पुसला, तीनदा मोजला. तिन्ही वेळा अर्धा मिलिमीटर जास्त. तेवढ्यात फोन आला.

"किती भरला?"

"दोन शतांश, आबा," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खोटं का बोलले ते तेव्हा मला नीट कळलं नाही. आता कळतं. ती चूक फार स्वच्छ होती. ज्यांनी मिलिंग मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यात कापणारा कटर एका जागी गरगर फिरतो आणि त्याच्याखाली टेबल सरकतं. टेबलावर लोखंडाचा तुकडा आवळलेला असतो. टेबल सरकवायला एक चाक, आणि चाकाच्या मागं रेघा आखलेली एक गोल कडी, तिला आम्ही डायल म्हणतो. आबांच्या मशीनवर चाक एकदा पूर्ण फिरलं की टेबल चार मिलिमीटर सरकतं आणि डायलवर ऐंशी रेघा आहेत. म्हणजे एका रेघेला पाच शतांश. अर्धा मिलिमीटर म्हणजे बरोबर दहा रेघा. हात चुकला तर माप वेडंवाकडं येतं. दहा रेघांनी नेमकं चुकतं ते वाचणारा चुकला तरच.

हा ठोकळासुद्धा मशीनसाठीच होता. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद झाला तेव्हा आबांनी हे जुनं मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वाळूच्या पोत्यांवर निजवून घरी आणलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याला नवे नवे भाग करून जोडत होते. टेबल ठरल्या जागी अडवणारा थांबा केला. कटर आवळायचा पाना केला, त्याच्या दुसऱ्या टोकाला पितळेची हातोडी बसवली, म्हणजे कटर सोडवताना दुसरं हत्यार शोधायला नको. कापताना उडणारा कीस आतल्या स्क्रूवर पडू नये म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा पडदा लावला. आई म्हणायची, "मशीन कामासाठनं आणलंय का मशीनसाठनं काम काढलंय, तेवडं एकदा सांगा." पण गावातली कामंही होत होती. कुणाच्या मोटारीची पुली, कुणाच्या कडबाकुट्टीचा मोडलेला भाग. आबांनी कुणाला परत पाठवल्याचं आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले ती मनाशी ठरवून. आबा मशीनपाशीच होते. ते माठातलं पाणी प्यायला वळले तेवढ्यात मी चाक थोडं फिरवलं. ते परत आल्यावर मी म्हणाले, "आबा, डायल कितीवर हाय बघा की जरा."

त्यांनी डायलकडं मान वळवली, पण बघितल्यासारखं वाटलं नाही. "शून्यावर. मगाशी मीच लावलाय."

"पंचवीसवर हाय. मी फिरवलाय."

घरातल्या घरात चोरी केल्यासारखं मला झालं. आबांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट सावकाश पुसलं. मग कामाच्या बाकाला टेकून बसले.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. मधी बघाय गेलं की पुसतंय. कडंचं समदं दिसतंय. आता तुजं कान दिसत्यात मला. नाक न्हाई दिसत."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पेपर घिऊन बसत्यात नुसतं. पान कवा उलटत न्हाईत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली व्हती."

"मग आता?"

"आता तूच बघितलंस. मी कुठं सांगितलं?" आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या आठवड्यात मी रजा काढली आणि आबांना मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्यात औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून, कसकसल्या यंत्रांत हनुवटी ठेवायला लावून दुपारपर्यंत तपासण्या चालल्या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजलाय, असं त्यांनी सांगितलं. एका प्रकारच्या झिजेवर डोळ्यात इंजेक्शनं देतात, आबांची झीज त्यातली नाही. चष्म्यानं फरक पडणार नाही. कडेची नजर मात्र राहील, चालता-फिरता येईल, पूर्ण अंधार होत नाही.

आबांनी एकच विचारलं. "मशीन चालवता यील का?"

"शिलाई मशीन?"

"न्हाई. मिलिंग."

बाईंना ते ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. फिरणारा कटर, लोखंड, चाक. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नको, काका," त्या म्हणाल्या. "तेवढं आता नको."

बाहेर आल्यावर आबा रिक्षात बसेनात. त्यांना चालायचं होतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन डोळ्यांत जात होतं, म्हणून मी त्यांना माझी ओढणी डोक्यावरून दिली. तीही त्यांनी घेतली, यावरून त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं. एरवी टोपीशिवाय दुसरं काही डोक्याला लावणारा माणूस नव्हे. चालत चालत आम्ही सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. दुकानांत वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा पायरीपर्यंत आलेला. एका दुकानात एक म्हातारे कारागीर तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते. तारा ज्या छोट्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती घोडी ते कानशीनं एक-दोनदा घासायचे, तारेखाली सरकवायचे, तार छेडायचे, आणि मान खाली घालून ऐकायचे. पुन्हा घासायचे. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आबा पायरीवर थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कारागिरांनी मान वर केली आणि बसायला स्टूल पुढं केलं.

आबा म्हणाले, "किती घासायचं ते कसं कळतं? माप काय त्याला?"

"माप तार सांगती," ते म्हणाले. "जास्त घासलं की आवाज फाटतो. कमी असलं की बसका येतो. बघून काही समजत नाही त्यातलं."

"डोळं मिटून करता?"

"उघडे ठेवले की रस्त्यावरचं बघत बसतो मी." ते हसले. आबाही हसले. दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा. कारागिरांनी तार पुन्हा छेडली आणि तिचा आवाज बराच वेळ दुकानात राहिला. आबा तो संपेपर्यंत उठले नाहीत.

पण घरी गेल्यावर त्यांनी मशीनवर ताडपत्री टाकली. चारी बाजूंनी सुतळीनं बांधली, अगदी सैन्यात सामान बांधतात तशी. आई फोनवर सांगायची, दिवसभर ओट्यावर बसून असतात, जेवायला बोलावलं की येतात. मी त्यांना मोठ्या आकड्यांचा डिजिटल डायल बसवू या म्हणाले. टेबल किती सरकलं ते त्यात ठळक लाल आकड्यांत दिसतं. आमच्याकडं जुन्या मशीनवर लावलेले आहेत. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आकडं मोठं केलं म्हणून काय हुतंय? मी ज्याच्याकडं बघीन त्येच पुसतंय, मग त्ये केवडं का असंना." तिरकं बघून वाचता येईल, असं मी म्हणाले. "तिरकं बघून मशीनवर काम करायचं व्हय?"

असा एक महिना गेला असेल. एका सकाळी मी कारखान्याच्या बसमध्ये होते, खंबाटकीचा बोगदा यायचा होता, आणि आबांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"चकतीला खाचा पाडल्या तर?"

"कसल्या खाचा?"

"चाकामागं एक चकती बसवायची. तिच्या कडंला ऐंशी खाचा. वरनं स्प्रिंग लावून छर्रा दाबून धरायचा. एक रेघ सरकली की छर्रा एका खाचंतनं दुसऱ्या खाचंत पडंल. टिक वाजंल. बघायचं काय कामच न्हाई. मोजायचं."

बस बोगद्यात शिरली आणि फोन तुटला. बाहेर पडेपर्यंत मी मनात चकतीचा व्यास काढला होता. ऐंशी मिलिमीटर व्यास घेतला तर दोन खाचांमध्ये तीन मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. चार मिलिमीटरचा छर्रा त्यात छान बसेल. मी उलट फोन केला.

"दर दहावी खाच खोल करू या आबा. म्हणजे ती जड लागेल. ऐंशीपर्यंत मोजायला नको."

"रविवारी ये," ते म्हणाले.

मी गेले तेव्हा ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती. आबांकडं वर्तुळाचे सारखे भाग पाडायचं एक जुनं साधन आहे. त्याची मूठ चाळीस वेळा फिरवली की त्यात धरलेली चकती एकदा फिरते. म्हणजे ऐंशी भागांसाठी दर वेळी मुठीचा अर्धा फेरा. मुठीला एक खुंटी असते, ती भोकांच्या रांगेतल्या नेमक्या भोकात टाकायची आणि मग खाच पाडायची. पितळेच्या दोन चकत्या आबांनी आधीच शेजारच्या गावातल्या एकाकडून लेथवर गोल करून आणल्या होत्या. मी मूठ फिरवत होते, मीच कटर चालवत होते, आणि आबा स्टुलावर बसून मोठ्यानं आकडे मोजत होते. उसाचा हंगाम होता. मध्येच बाहेरून स्पीकर लावलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला, भिंती थरथरल्या, आणि आबांनी आवाज चढवून मोजणं चालूच ठेवलं. ऐंशी झाल्या. मी चकती सोडवून, पुसून त्यांच्या हातात दिली. चकचकीत दिसत होती. मला तर फार आवडली.

आबांनी कडेवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. पाऊण वाट गेल्यावर थांबले, मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"ह्या दोन खाचा जवळ हायत."

मी चकती उजेडात धरून बघितली. मला काही दिसलं नाही. मग बारीक माप घेणारा व्हर्निअर लावला. शेवटची खाच आणि पहिली खाच यांच्यामधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जरासं कमी होतं. कुठंतरी मी खुंटी शेजारच्या भोकात टाकली होती आणि तिथून पुढच्या सगळ्या खाचा किंचित सरकल्या होत्या. मोजमापाच्या खोलीत इतकी वर्षं काम करणारी मी, धडधाकट डोळ्यांची.

"तुमच्यात असलं चालतं व्हय?" आबा म्हणाले.

"न्हाई चालत."

"मग दुसरी घे. खुंटी मी टाकतो आता."

दुसऱ्या चकतीला ते मुठीपाशी बसले. बोटानं भोकं चाचपायचे, खुंटी टाकायचे, हलवून खात्री करायचे, "हां" म्हणायचे, आणि मगच मी टेबल पुढं घ्यायची. ऐंशी वेळा "हां". आईनं मध्ये दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला. या वेळी त्यांचा अंगठा पूर्ण फेरा करून आला तरी कुठं थांबला नाही.

चकती बसवण्याआधी मात्र आमचं भांडण झालं. मशीनला मी पुढून एक आडोसा बसवणार होते. जाड पारदर्शक प्लास्टिकचा, बिजागरीवर वर-खाली होणारा. तो खाली आल्याशिवाय मोटार चालूच होऊ नये म्हणून आत एक स्विच. कारखान्यात अशा आडोशाशिवाय कुणाला मशीनजवळ उभंही राहू देत नाहीत. माझ्या मनातून त्या डॉक्टरीण बाईंनी खाली ठेवलेलं पेन जात नव्हतं.

"मी चोवीस वर्षं उघड्या मशीनवर काम केलंय," आबा म्हणाले. "एक ओरखडा न्हाई हाताला."

"तवा डोळं व्हतं तुमचं."

शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला. आबा उठून मळ्याकडं निघून गेले. मी तिथंच प्लास्टिकचा तुकडा हातात धरून उभी. आई आत आली. तिनं आडोसा उलटापालटा करून पाहिला, त्यातून माझ्याकडं पाहिलं.

"बसव," ती म्हणाली. "ह्ये लागल्याबिगर बटण दाबायचं न्हाई. मी सांगती त्यांना."

संध्याकाळी मला साताऱ्याला परतायचं होतं. आडोसा बसवून, आबा यायच्या आत मी निघाले. वाटेत काही सुचलं नाही, कराडला गाडी थांबली तेव्हा चहासुद्धा घेतला नाही. दोन दिवसांनी आईचा फोन आला. म्हणाली, तू लावलेल्या बिजागरीवर ते काम करत बसलेत. कचकच करतीय म्हणत्यात, घासून नीट करत्यात. पुढच्या रविवारी मी पाहिलं तर आडोसा एका बोटानं उचलता येत होता आणि सोडला की हळूच, आवाज न करता खाली बसत होता. आडोशाची मूठही त्यांनी नवी केली होती, हाताला सापडेल अशी मोठी, लाकडी.

मग चकती लागली. सुरुवातीला एका जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग घातली होती. मशीन बंद असताना टिकटिक छान ऐकू आली, पण मोटार चालू केली की घरघरीत सगळं बुडून गेलं. मी हताश झाले. आबांनी एका मोडक्या ड्रिलमधली कडक स्प्रिंग काढली, छर्ऱ्याच्या मागं दाबून बसवली आणि मोटार चालू ठेवून चाकाची मूठ धरली. आवाज मुळीच येत नव्हता.

"लागतंय," ते म्हणाले. "हाताला लागतंय. हितं बघ."

मी मुठीवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. छर्रा खाचेत पडला की मूठ तळव्यात बारीक ठोका देत होती. नऊ हलके ठोके आणि दहावा जड. शून्यापाशी आबांनी चकतीवर पितळेची एक गोळी ठोकून बसवली होती, ती डाव्या अंगठ्याला सापडायची. ऐकण्यासाठी केलेली वस्तू शेवटी तळहातानं वाचायची ठरली.

आम्ही टेबलाला डायल गेज लावला. टेबल किती हललं ते त्यावर मला वाचता येत होतं.

"सांग," आबा म्हणाले.

"तीन पूर्णांक पंच्याहत्तर."

त्यांनी ओठ हलवत मोजलं. सात जड, पाच हलके. चाक थांबलं. गेजचा काटा तीन पूर्णांक चौऱ्याहत्तरवर होता. मी सांगितलं. त्यांनी चाक बरंच मागं घेतलं आणि पुन्हा त्याच दिशेनं पुढं आणलं, कारण उलट फिरवलं की टेबल हलायच्या आधी चाक थोडं मोकळं फिरतं, ते त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. या वेळी काटा बरोबर पंच्याहत्तरवर आला. असं आम्ही दुपारभर केलं. मी आकडा सांगायची, ते फिरवायचे. शेवटी आई म्हणाली, आवं, पोरगी दमली, आता जेवा.

बाकीचे छोटे भाग त्यानंतर आले. कटर किती खाली उतरावा ते ठरवायला एक सरकती कडी केली, तिचा स्क्रू आवळला की कटर ठरल्या खोलीच्या खाली जातच नाही. मापाचे पितळी ठोकळे केले, दोन, पाच, दहा, वीस मिलिमीटरचे, आणि कोणता कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या अंगावर तितकी टिंबं न ठोकता नुसते कोपरे वेगवेगळे कापले. टिंबं मोजण्यात वेळ जातो, कोपरा हातात घेतल्याबरोबर कळतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं खरं काम आलं ते कडबाकुट्टीच्या पात्याची पकड. वीस मिलिमीटर रुंद हवी होती. आबांनी ती मी नसताना केली. मला ते आवडलं नव्हतं, पण आई शेजारी बसून होती. रविवारी नेहमीसारखा कागदात गुंडाळलेला तुकडा माझ्या हातावर आला. सोमवारी मी जेवायच्या आधीच मोजला.

फोन आला. "किती भरला?"

"वीस पूर्णांक शून्य दोन."

"खरं सांग."

मागच्या वेळचं त्यांना कळलं होतं तर. ठोकळा मशीनवर बसवायला गेले असतील तेव्हाच कळलं असणार, आणि इतके महिने ते काही बोलले नव्हते.

"खरंच दोन शतांश, आबा. तीनदा मोजला."

मला वाटलं, आता "हां" म्हणून फोन ठेवतील. मग त्यांचा आवाज आला, "पर दोन तरी कशानं आलं?"

मी मोजमापाच्या खोलीत आपल्याशीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. कुठून सांगायला सुरुवात करावी ते मला कळेना.

सहा महिन्यांनी पुन्हा मिरजेला जाणं झालं. डॉक्टरीण बाईंना मी आडोशाचा आणि चकतीचा फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. चालवा असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि चालवू नका असंही या वेळी म्हणाल्या नाहीत. आडोसा कधीही काढायचा नाही, एवढं मात्र आबांकडून कबूल करून घेतलं. तिथून आम्ही सतारींच्या गल्लीत गेलो. आबांना त्या म्हाताऱ्या कारागिरांना भेटायचं होतं. दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, ते हैदराबादला मुलीकडं गेलेत, कधी येतील माहीत नाही. आबा बंद फळ्यांसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, चल.

त्यांची नजर आणखी कमी झाली आहे. मधला डाग वाढलाय. काही दिवस असे असतात की ते गोठ्याकडं फिरकत नाहीत, आणि त्या दिवशी आई त्यांना काही विचारत नाही. कटर बदलणं त्यांनी आपणहून सोडलं, धारेला हात लागायची भीती म्हणून. ते काम आता आई करते. ती आयुष्यात कधी मशीनला शिवली नव्हती. आता कटरची पेटी तिच्या ताब्यात आहे, कोणता सहाचा आणि कोणता दहाचा हे ती लांबून ओळखते, आणि बोथट झालेला दिसला की बाजूला काढून ठेवते. पाना लावून कटर आवळते आणि आडोसा खाली घेऊन मोठ्यानं सांगते, "आवं, झालं. लावा बटण." आबा बटण लावतात आणि ती तिथंच स्टुलावर शेंगा सोलत बसते.

परवा मी गेले तेव्हा दोघांचा वाद चालला होता. आईला तो पाना लांब हवा होता. तिचा हात पोचत नाही, टाचा उंच कराव्या लागतात, असं ती म्हणत होती. आबांचं म्हणणं, पाना लांब केला की जोर जास्त बसेल आणि कटर गरजेपेक्षा घट्ट होईल, त्यापेक्षा पायाखाली फळी घे.

"मी फळीवर चढू व्हय या वयात?"

"मग वाकडा करू पाना. मान खाली घातलेला. म्हंजी तुजा हात खालीच राहील."

"करा," आई म्हणाली. "पर हाताला बोचणार न्हाई असा करा."

आबांनी माझ्याकडं कान करून विचारलं, तिच्या खांद्यापासून मशीनच्या डोक्यापर्यंत किती भरतं ते मोजशील का. मी पिशवी खाली ठेवली, टेप काढला आणि आईला मशीनसमोर सरळ उभी राहा म्हणाले.